फझी लॉजिक आणि संभाव्यता यांत गल्लत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील लेखात फझी लॉजिक (काटेकोर सीमा नसलेल्या कल्पनांचे तर्कशास्त्र) हे संभाव्यतेचेच नवे रूप असल्याचे म्हटले आहे. रत्नागिरी परिसरात तर्कशास्त्र शिकणारी मुले ही पुरवणी आवर्जून वाचतात, म्हणून या विधानाची दुरुस्ती मला आवश्यक वाटते.

अढीतल्या न पाहिलेल्या हापूसबद्दल ‘तो पिकलेला असण्याची संभाव्यता 0.6’ असे म्हणताना आपण आपल्या अज्ञानाचे माप सांगतो. तोच आंबा हातात घेऊन, दाबून, हुंगून झाल्यावरही ‘हा 0.6 इतका पिकला आहे’ असे म्हणता येते, कारण ‘पिकलेला’ या कल्पनेलाच काटेकोर सीमा नाही. फझी संचांची कल्पना मांडणारे लोत्फी झादे यांनी 1965 मध्ये संचातील सदस्यत्वाला 0 ते 1 मधील कोणतीही मात्रा दिली ती याच अर्थाने.

अभिजात तर्कशास्त्रात विधान सत्य तरी असते किंवा असत्य तरी. हे गृहीतक सोडल्यावर ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचे अर्थ नव्याने ठरवावे लागतात. झादे यांनी ‘आणि’साठी दोहोंतले लहान मूल्य घेतले, ‘किंवा’साठी मोठे, आणि नकारासाठी 1 मधून वजाबाकी. त्यामुळे वरील आंबा ‘पिकलेला आहे किंवा नाही’ याचे मूल्य 0.6 येते आणि ‘आहे आणि नाही’ याचे 0.4; संभाव्यतेत हीच उत्तरे अनुक्रमे 1 आणि 0 असतात. म्हणजे विमध्य (विधान किंवा त्याचा नकार यांपैकी एक सत्य असतेच) आणि अव्याघात (दोन्ही एकदम सत्य नसतात) हे दोन्ही नियम येथे ढळतात. 1920 मध्येच त्रिमूल्य तर्कशास्त्र मांडणाऱ्या यान लुकासिएविच यांच्या नावाने ओळखला जाणारा ‘आणि’ (मूल्यांची बेरीज उणे 1, ऋण आल्यास 0) व त्याच्या जोडीचा ‘किंवा’ (मूल्यांची बेरीज, 1 हून जास्त आल्यास 1) घेतला, तर दोन्ही नियम परत मिळतात. पण मग ‘पिकलेला आणि पिकलेला’ याचे मूल्य 0.6 न राहता 0.2 होते! या विषयाचे खरे सौंदर्य मला या देवघेवीत दिसते, आणि लेखात नेमका तिचाच उल्लेख नाही.

लेखातील ‘ढिसाळ तर्क’ हा शब्दप्रयोगही अन्यायकारक आहे. संदिग्ध असतात त्या कल्पना. त्यांच्यावरचे गणित पूर्ण काटेकोर असते, त्यातील प्रमेये नेहमीच्या द्विमूल्य तर्कानेच सिद्ध होतात, आणि चेक गणितज्ञ पेत्र हायेक यांनी 1998 मध्ये या तर्कशास्त्रांना स्वयंसिद्धकांची रीतसर चौकटही दिली आहे. पुरवणीच्या पुढील अंकात याचा खुलासा छापावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, रत्नागिरी