राणीबागेतल्या झाडूवाल्या मावशींचे आभार

रविवारी भायखळ्याच्या राणीबागेत आईची साखर अचानक उतरली. उर्वशीच्या झाडाचा बहर बघायची तिची फार इच्छा होती. १८६०च्या दशकातली ही बाग. पण गर्दी सगळी पेंग्विनकडे, त्यामुळे जुन्या झाडांच्या बाजूला हाकेला ओ द्यायलाही कोणी नव्हतं. आईला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. पर्समधल्या गोड गोळ्या म्हणे घरीच दुसऱ्या पर्समध्ये!

तेवढ्यात पाला झाडणाऱ्या एक मावशी झाडू टाकून धावत आल्या. "शुगर हाय का?" एवढंच विचारलं. त्यांच्या स्टीलच्या डब्यात चहा होता, चांगला गोडमिट्ट. झाकणात ओतून, फुंकर घालून, एकेक घोट त्यांनी स्वतः पाजला. आईला टेकायला काही नव्हतं, तर मावशी मागे बसल्या आणि आपल्या खांद्यावर तिचं डोकं घेतलं. साडीला घाम लागतोय म्हणून आई संकोचली, तर म्हणाल्या, "ही कामाचीच साडी हाय, आई."

झाडांची नावं लिहून घेणाऱ्या दोन कॉलेजच्या मुलींनी बिस्किटं दिली. त्यातली एक पळत जाऊन सुरक्षारक्षकाला व्हीलचेअरसकट घेऊन आली. त्या दादांनी आईला गेटपर्यंत नेलं, टॅक्सी थांबवली आणि चालकाला हळू चालवायची तंबीही दिली.

मावशींनी पैसे घेतले नाहीत, नाव सांगितलं नाही. सकाळचा चहा मात्र त्यांचा आमच्यापायी राहिला. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. आई आता ठणठणीत आहे. उर्वशी राहिली म्हणून कुरकुरतेय.