उंची मोजली का, हे कुणी विचारलं?

मा. संपादक,
स. न.

पोषण महिन्याच्या समारोपाची बातमी कालच्या अंकात वाचली. कडधान्यांची रांगोळी, पाककृती स्पर्धा, मान्यवरांची भाषणं, सगळं आलंय. किती मुलांची उंची मोजली, हे मात्र कुठंच नाही. बातमीदारानं एवढं तरी विचारायला हवं होतं.

माझी नात पावणेदोन वर्षांची. ऑगस्टमध्ये तिची उंची ७९ लिहिली, सप्टेंबरमध्ये ७७. पोर दोन सेंटिमीटरनं कमी कशी होईल? सुनेबरोबर अंगणवाडीत गेले. तिथं पोरीला भिंतीला उभी करून शिंप्याच्या टेपानं मोजत होते. ती रडत गुडघे वाकवत होती. दोन वर्षांच्या आतलं मूल आडवं झोपवून, डोकं फळीला टेकवून, पाय सरळ धरून मोजायचं असतं. त्याला दोन माणसं लागतात. सेविका एकटी, मदतनीस चुलीपाशी. "वजन भरलंय की काकू, कशाला काळजी करताय?" म्हणाल्या. त्यांच्यावर राग नाही. पण उंची आणि वजन दोन्ही सारखंच मागं पडलं, की मूल दिसायला ठीकच दिसतं. आपण घरात म्हणतो, 'आईवर गेलीय, बुटकीच राहणार.' तोवर पहिले हजार दिवस, म्हणजे पोटात असल्यापासून दोन वर्षांची होईपर्यंतचे, सरून जातात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) राज्यातल्या पाच वर्षांखालच्या शंभरातल्या ३५ मुलांची वाढ खुंटलेली, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी, निघाली. त्याआधीच्या पाहणीत ३४ होती.

आमच्या बचत गटानं गावातल्या सुताराकडून पाट करून घेतला, डोक्याकडं पक्की फळी, पायाकडं सरकती. आता आयाच एकमेकींची पोरं धरतात, आकडा स्वतः वाचतात आणि कार्डावर लिहून घेतात. घरी गाई-म्हशी असून दूध सगळं डेअरीला जातं, हे त्यातल्याच एकीनं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. पाटाचे पैसे आम्ही वर्गणीतून दिले. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठं गेले, असं ग्रामसभेत विचारलं, तर "बघू" एवढंच उत्तर मिळालं.

आणखी एक. आता गळीत हंगाम सुरू होईल, बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतील. उसाच्या फडाकडेच्या कोप्यांतली (झोपड्यांतली) पोरं तिकडच्या अंगणवाडीतनं सुटतात आणि इथल्या यादीत येत नाहीत. पाट घेऊन तिथं जायला आमच्या बायका तयार आहेत. त्या पोरांची नावं नोंदवायला सरकारी माणूस लागतो, तेवढा पाठवा.

– बचत गटातली एक आजी, ता. करवीर, जि. कोल्हापूर