खिद्रापूरचा नंदी चोरीला गेलेला नाही

महोदय,

गेल्या रविवारी नातवाला घेऊन खिद्रापूरला गेलो होतो. कोपेश्वराच्या गाभाऱ्यासमोर एक गृहस्थ शाळेच्या सहलीला ठासून सांगत होते, "इथला नंदी चोरीला गेला." पोरं हळहळली. मला राहवेना, पण पोरांसमोर कुठं वाद घालायचा?

आपल्याकडची कथा वेगळीच आहे. दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून माहेरी गेली आणि परतलीच नाही. मागे राहिला तो कोपलेला शंकर, म्हणून कोपेश्वर. शेजारी त्याची समजूत काढणारा विष्णू, धोपेश्वर, लिंगरूपातच आहे. आणि नंदी? तो कृष्णेकाठी कर्नाटकातल्या यडूरला, असं इथले लोक सांगतात. बैलाची रिकामी जागाच इथं सतीची गोष्ट सांगते. बाहेर मात्र दगडी हत्तींची रांग अख्खं देऊळ पाठीवर घेऊन उभी. कितीकांच्या सोंडा तुटल्यात, भार तसाच. नातू एकेका हत्तीला हात लावत मोजत सुटला, निम्म्यात चुकला, पुन्हा पहिल्यापासून.

बेंदराला बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावणाऱ्या जिल्ह्यातल्या मुलांना नंदीची ही गोष्ट नीट कळावी. सहलीआधी शिक्षकांनी वर्गात दहा मिनिटं काढावीत, एवढंच.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर