गोळी देण्याआधी आईला विचारायचे असते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्ले-स्कूल आणि बालवाड्यांमधल्या संमतीपत्रांवरचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. वाचून बाजूला ठेवला होता, पण रात्री डोक्यातून जाईना, म्हणून आज सकाळी आधी हे पत्र लिहायला बसले. लेखकांचे म्हणणे असे, की शिक्षिका कागदांखाली दबल्या आहेत, पालक न वाचताच सह्या करतात, तेव्हा प्रवेशाच्या वेळी एकच सही घ्यावी आणि वर्षभराचा विषय मिटवावा. शिक्षिकांवरच्या ओझ्याबद्दल लिहिले आहे ते सोळा आणे खरे आहे. मी स्वतः अंगणवाडी सेविका होते, रजिस्टरे लिहिता लिहिता हात दुखून यायचे. पण उपाय म्हणून जे सुचवले आहे, ते आमच्या घरात घडून गेले आहे.

माझी नात साडेतीन वर्षांची. शहरातल्या एका खासगी प्ले-स्कूलमध्ये जाते. तिला ताप चढला की आकडी येते. डॉक्टरांनी सांगून ठेवले आहे, की ताप वाढू द्यायचा नाही आणि कुठलेही औषध विचारल्याशिवाय द्यायचे नाही. त्या आठवड्यात सर्दीसाठी तिला औषध चालू होते. सकाळी अंग गार होते, पोर खेळत होती, म्हणून शाळेत गेली. त्याच दिवशी शाळेत जंतनाशक गोळ्यांचा कार्यक्रम होता. घरी कोणाला पत्ता नाही. संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो आले. मुले ओळीने बसलेली, तोंडे उघडी, आणि आमच्या पोरीच्या जिभेवर पांढरी गोळी. छातीवरच्या ओळखपत्रावरचे पूर्ण नावसुद्धा वाचता येत होते. तोच फोटो शाळेच्या इन्स्टाग्रामवरही होता. सुनेने ऑफिसातून निघता निघता तो पाहिला आणि बसमधून मला फोन केला. तिचा आवाज मी विसरलेली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी शाळेत गेलो. मुख्याध्यापिकांनी बसायला सांगितले, पाणी दिले, नीट बोलल्या. मग फाइल काढून प्रवेश अर्जाचे चौथे पान आमच्यापुढे धरले. ‘शाळेच्या वेळेत होणाऱ्या सर्व उपक्रमांना, आरोग्य तपासणीला, औषधोपचाराला व छायाचित्रणाला आमची संमती आहे.’ खाली सुनेची सही. ‘मॅडम, सही तुमचीच आहे ना?’

सही तिचीच होती. मी तो अर्ज हातात घेतला आणि पान मागे उलटले. दुसऱ्या पानावर ‘बालकास काही आजार असल्यास’ असा चौकोन होता. त्यात सुनेने निळ्या शाईने ठळक लिहिले होते : ‘तापात आकडी येते. कोणतेही औषध देण्यापूर्वी फोन करावा.’ खाली दोन मोबाइल नंबर. एकाच अर्जातले चौथे पान शाळेला पाठ होते आणि दुसरे पान प्रवेशानंतर कोणी उघडलेच नव्हते. मुख्याध्यापिका म्हणाल्या, ‘पण मुलीला काही झाले नाही ना?’ नाही झाले, परमेश्वराची कृपा. पण लहान मुलांच्या बाबतीत हे उत्तर कोणी देऊ नये. काही झाले असते तर चौथे पान दाखवून काय भरून निघणार होते?

गोळी वाईट आहे असे मी म्हणत नाही. अल्बेंडाझोलची गोळी मी कितीतरी मुलांना माझ्या हाताने दिली आहे. जंतांमुळे अशक्त झालेली, पोट पुढे आलेली पोरे मी पाहिली आहेत, त्यामुळे 2015 मध्ये राष्ट्रीय जंतनाशक दिन सुरू झाला तेव्हा मला आनंदच झाला होता. पण त्या गोळीचेही नियम आहेत. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण. तीन वर्षांच्या आतल्या मुलाची गोळी दोन चमच्यांमध्ये चुरडून पाण्यातून द्यायची, नाहीतर ती घशात अडकते. मूल आजारी असेल किंवा दुसरे औषध चालू असेल तर त्या दिवशी द्यायचीच नाही. राहिलेल्या मुलांसाठी मॉप-अपचा वेगळा दिवस मुद्दाम ठेवलेला असतो. आता मला सांगा, मूल रात्री तापले होते की नाही, घरात कोणती बाटली चालू आहे, हे शिक्षिकेला कोण सांगणार? साडेतीन वर्षांचे पोर सांगणार का? ते आईलाच माहीत असते, आणि तिला विचारावे लागते. जूनमध्ये केलेल्या सहीत फेब्रुवारीतला ताप कुठून असणार?

आम्ही काय करत होतो तेही सांगते. आदल्या दिवशी मी आणि मदतनीस गृहभेटी करायचो. उद्या गोळी आहे, पोराला जेवू घालून पाठवा, अंग गरम असेल तर आधी मला सांगा. गोळी देताना आई किंवा आजी समोर उभी असेल तर पुन्हा विचारायचो. त्यासाठी कागद लागत नव्हता. वेळ लागायचा, पायपीट व्हायची, पण आकडीचे पोर, दम्याचे पोर, हृदयाला छिद्र असलेले पोर आम्हाला तोंडपाठ असायचे.

विचारले तर लोक नकार देतात, असे लेखात म्हटले आहे. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली तेव्हाची गोष्ट घ्या. मोबाइलवर नाही नाही त्या अफवा फिरत होत्या. आमच्या वस्तीवर एका बाईने दारातूनच सांगितले, ‘बाई, माझ्या पोरीला सुई टोचायची नाही.’ मी ओट्यावर टेकले. बराच वेळ बोलल्यावर खरे बाहेर आले. आधीच्या लसीनंतर पोर रात्रभर रडली होती, नवरा कामाला परगावी, आणि मध्यरात्री काही झाले तर कोणाकडे जायचे हे त्या बाईला कळत नव्हते. तिला लसीची भीती नव्हतीच, ती रात्रीला घाबरत होती. मी माझा आणि सिस्टरचा नंबर दिला आणि म्हटले, हाक मार, मी येते. मोहिमेच्या दिवशी ती पोरीला घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. हे विचारल्यामुळे झाले. जबरदस्तीने पोरीला नेले असते तर पुढच्या प्रत्येक लसीला त्या घराने दार लावून घेतले असते. याच मोहिमेच्या वेळी, जानेवारी 2019 मध्ये, पालकांच्या संमतीशिवाय शाळेत लस देण्याला दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई केली होती. लेखकांनी त्याचा साधा उल्लेखही करू नये?

फोटोंबद्दल तर लेखात चकार शब्द नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा सुनेने मला वाचून दाखवला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल धरले आहे आणि मुलाची माहिती वापरण्याआधी आईवडिलांची पडताळून घेतलेली संमती लागते. ती संमती नेमक्या कारणासाठी, माहिती देऊन आणि अट न घालता घेतलेली हवी, आणि दिली तितक्याच सहजपणे परत घेता आली पाहिजे. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले, पण मुख्य तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर शाळांनी मुलांचे चेहरे जाहिरातीला वापरायचे का? आम्ही तो फोटो हटवायला सांगितला तेव्हा उत्तर मिळाले, की मग स्नेहसंमेलनाच्या फोटोतही तुमची मुलगी दिसणार नाही. आईला असे कोंडीत पकडून मिळवलेल्या होकाराला मी तरी होकार म्हणणार नाही.

आणि विषय निघालाच आहे तर माझ्या जुन्या खात्याबद्दलही लिहिते. 1 जुलै 2025 पासून घरी न्यायच्या आहारासाठी पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या सरकारी मोबाइल अ‍ॅपवर, आईचा चेहरा जुळवणे सक्तीचे झाले. नेटवर्क नाही, ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर आणि नवरा ऊसतोडीला, म्हणून बाळ कडेवर घेऊन बायका पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतात. त्या बाईला कोणी विचारले का, तुझा चेहरा नोंदवू का म्हणून? विचारले तरी ती नाही म्हणू शकते का? बाळाचा आहार तिच्या चेहऱ्यावर अडलेला असतो. आधार नाही म्हणून कोणत्याही मुलाला योजनेचा लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्येच सांगितले आहे. चेहरा जुळला नाही म्हणून आहार अडवणे मग कुठल्या न्यायात बसते? आणि बोलणी मात्र सेविकेला बसतात.

खासगी प्ले-स्कूलवर देखरेख ठेवणारा कायदा राज्यात व्हावा यासाठी आपल्या वृत्तपत्राने लिहावे. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढे लागू होतो. त्याआधीच्या मुलांना शाळेत काय दिले, कोणी दिले, कोणाला विचारून दिले, याची चौकशी करायला आईने जायचे कुठे, याचे उत्तर आम्हाला कुठेच मिळाले नाही. निदान एवढे तरी बंधनकारक करा, की औषध, सुई आणि फोटो या तिन्हींसाठी त्या त्या वेळी वेगळे विचारायचे आणि आजाराची नोंद वर्गशिक्षिकेच्या टेबलावर ठेवायची.

शेवटी आपल्याकडेच एक तक्रार. त्या लेखासोबत अंगणवाडीतल्या मुलांचे मोठे रंगीत छायाचित्र छापले आहे. पाचही मुलांचे चेहरे स्वच्छ दिसतात, खाली गावाचे नाव आहे, आणि मधल्या मुलाच्या अंगात सदरा नाही. छायाचित्रकाराने त्यांच्या आयांना विचारले होते का, ते कृपया कळवावे. विचारले नसेल तर ते छायाचित्र आजच संकेतस्थळावरून काढून टाकावे आणि तसे पहिल्या पानावर छापावे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
सिन्नर, जि. नाशिक