औंधला आलेला पाहुणा मुक्कामाला थांबला पाहिजे

संपादक साहेब, नमस्कार.

२०२५ ला प्रतापगड युनेस्कोच्या यादीत गेला, कास २०१२ पासूनच आहे, अभिमान वाटतोच. पण सगळ्या गाड्या घाटमाथ्याकडंच पळतायत, आमच्या माण-खटावकडं कुणी वळत नाही म्हणून हे पत्र.

दिवाळीत पुण्याहून ताई-दाजी आले होते, त्यांना आमच्या खटाव तालुक्यातल्या औंधला नेलं. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ ला उभारलेलं म्युझियम आहे, राजा रविवर्म्याची ओरिजिनल चित्रं आहेत, इंग्लंडचा मोठा शिल्पकार हेन्री मूरनं दगडात घडवलेली आई आणि लेकरू आहे. भाची आर्टला आहे, ती त्या शिल्पापुढनं हलेचना, म्हणाली मामा हे इथं खटाव तालुक्यात कसं काय? मग तिला सांगितलं की आमचा राजा स्वतः चित्रं काढायचा, त्यानंच १९३९ ला राज्यकारभार लोकांच्या हातात दिला आणि आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांसाठी खुली वसाहत काढली. हे तिथं आलेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगायला पाहिजे हो.

बाहेर पडल्यावर दाजी म्हणाले चला, जेवण हायवेला करू. मी गाडी सरळ घरी वळवली. आईनं पिठलं, बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी केली, रात्री पोरं माळवदावर घोंगडी अंथरून झोपली. घोंगड्या विणणाऱ्या सनगराच्या मागावरची घोंगडी, चिंचोक्याची खळ लावलेली, पहिल्यांदा टोचते पण थंडी आत येऊ देत नाही. सकाळी ताईनं तसल्याच दोन विकत घेतल्या आणि मग सगळे शिखर शिंगणापूरला गेले, चैत्रात कावडी चढतात तो मुंगी घाट बघायला. म्हणजे तासाभराचे पाहुणे दोन दिवस राहिले आणि चार पैसे गावात पडले, ते फक्त जेवायला आणि झोपायला जागा मिळाली म्हणून.

आता टुरिझम म्हटलं की लगेच रिसॉर्ट डोक्यात येतं, ते मात्र इकडं नको. जिथं उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट बघतात तिथं स्विमिंग पूल कुणाच्या पाण्यावर भरणार? त्यापेक्षा गावातल्या दहा-बारा घरांत एकेक खोली नीट करायला कमी व्याजाचं कर्ज द्या, जेवणाचं काम बचत गटाला द्या, शिकलेल्या पोरापोरींना गाइडचं ट्रेनिंग द्या आणि खोल्या भरल्या की बुकिंग बंद, हे ग्रामसभेनंच ठरवावं. देवळांना ऑइलपेंट फासणं तेवढं थांबवा, जुना दगड त्यानं पार झाकून जातो, बघवत नाही.

आणि रविवारी सकाळी साताऱ्याहून औंध, म्हसवड करत शिंगणापूरला जाणारी एक स्पेशल एसटी सोडा, संध्याकाळी परतीची. तीन महिने चालवून तर बघा. खोल्यांचं म्हणाल तर आमच्या घरातली पहिली खोली मी तयार ठेवतो.

एक वाचक, ता. खटाव, जि. सातारा