२६ सप्टेंबर : ज्येष्ठ शास्त्रज्ञांच्या सत्काराची आठवण

सभासद मित्रहो,

२६ सप्टेंबर हा सीएसआयआरचा, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचा, स्थापना दिन. पंचवीस वर्षे सेवा झालेल्यांचा आणि वर्षभरात निवृत्त झालेल्यांचा सत्कार या दिवशी करण्याची प्रथा आहे. पुण्यातल्या आपल्यासारख्यांनी पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आवर्जून जावे. गेटवर नोंद करावी लागते, म्हणून ओळखपत्र जवळ ठेवा आणि थोडे लवकर निघा.

एक कळकळीची विनंती. शाल-श्रीफळ होईलच, पण सत्कारमूर्तींनी नेमके काय काम केले तेही सांगितले गेले पाहिजे. याच प्रयोगशाळेत नाडगौडा, पाराशरामी आणि मस्कारेन्हस यांनी बांबूला काचेच्या नळीत फुलवले. एरवी बांबूच्या कित्येक जाती फुलायला काही दशके घेतात. इथे काही महिन्यांत फुले आली, बीही धरले. १९९० साली ते 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आले. नव्या मुलांना हे ठाऊक असायलाच हवे!

ज्यांच्या हाताखाली तुम्ही काम केले, त्यांच्याविषयी दहा-बारा ओळी लिहून २० तारखेपर्यंत गटावर टाका. यंत्र दुरुस्त करणारे, काच फुंकून उपकरणे घडवणारे तंत्रज्ञ यांनाही विसरू नका. जुने फोटो असल्यास मागे नावे लिहून आणा.

– कार्यवाह