नेपथ्य आणि वेशभूषा यांतला स्वल्पविराम

महोदय,

आपल्या दैनिकातील नाट्यपरीक्षणे मी नेमाने वाचतो. अभिनय आणि दिग्दर्शन यांना भरपूर जागा मिळते आणि शेवटी ‘नेपथ्य साजेसे, वेशभूषा ठीक’ एवढ्यावर बाकीचे आटोपते. हे दोन विषय नाट्यविभागात तीस वर्षे शिकवलेल्या माणसाला अशा एका ओळीची सवय असते. माझी तक्रार त्या ओळीतल्या स्वल्पविरामाबद्दल आहे.

भरताच्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथात आहार्य, म्हणजे बाह्य साजातून होणाऱ्या, अभिनयाच्या संदर्भात नेपथ्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना (रंगभूषा) आणि संजीव (मंचावर येणारे प्राणी) असे चार प्रकार सांगितले आहेत. पात्रांची वस्त्रे अलंकारात येतात, तर चटई, कातडे, कापड यांपासून रंगमंचासाठी घडवलेल्या वस्तू पुस्तात. म्हणजे कापड दोन्हीकडे आहे. मराठीत ‘नेपथ्य’ हा शब्द आकसून सेटपुरता उरला आणि अभ्यासक्रमांनीही तशीच वाटणी करून टाकली. मी रुजू झालो तेव्हा सोमवारी नेपथ्य आणि गुरुवारी वेशभूषा शिकवली जाई, आणि सोमवारच्या मुलांना गुरुवारची खबर नसे.

एका परीक्षेच्या प्रयोगात याचे फळ मिळाले. वधूला गर्द लाल लुगडे होते, आणि मांडवामागच्या झाडीसाठी विद्यार्थ्यांनी मंचभर हिरवा प्रकाश सोडला. हिरव्या प्रकाशात लाल कापड काळे दिसते. ऐन मुहूर्तावर नवरी काळ्या लुगड्यात उभी! त्यानंतर मी पहिले सत्र एकत्र घेऊ लागलो. मांजरपाट फरशीवर ताणून, त्याला सरस देऊन पडदा रंगवायचा, त्यातल्याच उरलेल्या तुकड्याचे उपरणे करायचे, कोरे धोतर जुने दिसावे म्हणून चहाच्या पाण्यातून काढायचे आणि मग सारे एकाच दिव्याखाली पाहायचे.

द. ग. गोडसे यांच्यासारख्या चित्रकाराने नेपथ्य आणि वेशभूषा दोन्ही हाताळल्या. दिग्दर्शक इब्राहिम अल्काझी यांच्या नाटकांचे कपडे करणाऱ्या रोशन अल्काझी यांनी तर प्राचीन भारतीय वेशभूषेवर ग्रंथच लिहिला. आता पडद्याच्या जागी फ्लेक्स आला आहे. तो स्वस्त पडतो हे मान्य, पण उजेडात चकाकतो आणि वाऱ्याने कापडासारखा हलत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जात असताना विद्यापीठांनी या दोन विषयांची कार्यशाळा एकच ठेवावी, आणि शिलाईयंत्र, रंगाची पातेली व निदान चार दिवे तिथे एका छताखाली असावेत, एवढी विनंती आपल्या पत्राद्वारे करीत आहे.

– एक निवृत्त प्राध्यापक, पुणे